कोरा वाफा

"काका, ह्याला काय झालंय? पेंढी माझ्या मुठीत मावत नाहीये," आक्का म्हणाली आणि विळा थांबवून तिने कापलेला गहू वर उचलून दाखवला.

ग्रॅमकाका शेजारच्या वाफ्यातली नंबराची पाटी उपटत होते. त्यांनी मान वर केली नाही. "तुझी मूठच लहान झाली असेल," ते म्हणाले.

"माझी मूठ आहे तेवढीच आहे. हा सतरा नंबर, कोराच ना?"

"कोराच."

"मग बाकीचे कोरे बघा. चार नंबर, नऊ नंबर. काडीत काही जीवच नव्हता. आणि हे बघा." तिने एक ओंबी तळहातावर चोळली, फुंकर मारून भुसा उडवला आणि हात त्यांच्यापुढे धरला. "चांगला टपोरा भरलाय की!"

"तू काप. पिशवीत भर, चिठ्ठी बांध आणि पुढच्या वाफ्याला लाग," काका म्हणाले. एरवी ते आक्काशी असं तुटक बोलत नसत. खुरपणी-कापणीच्या बायकांची ती पुढारी, वीस वर्षं दोघांनी याच मातीत उन्हं काढलेली. तिने विळा पुन्हा चालवला, पण आधी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. काका पाटी काखेत मारून बांधाकडे चालू लागले.

शेतकी शाळेच्या मागे, पाटाच्या कडेने असे चोवीस वाफे होते. चार ओळी, ओळीत सहा. बियाणं एकच, पाणी सगळ्यांना सारखं. दर ओळीत पाच वाफ्यांना पाच तऱ्हांचं खत, आणि उरलेल्या एकाला काहीच नाही. तो कोरा. खताची बादली घेऊन माणूस ओळीतून निघाला की कोऱ्या वाफ्याशी आल्यावर त्याने बादली हातात तशीच धरून पुढे जायचं. बस, एवढंच त्या वाफ्याचं काम. शेवटी पाचांचं धान्य कोऱ्याच्या धान्याशी ताडून बघायचं आणि कुठल्या खताने किती फरक पडला ते शेतकऱ्यांना सांगायचं.

ऐकायला सोपं आहे. करायला नाही. हाताला खत द्यायची सवय असलेल्या माणसाला एक वाफा डोळ्यांदेखत पिवळा पडताना बघवत नाही. पहिल्या वर्षाची मुलं दर साली वाफ्यांवर यायची आणि त्यांच्यातलं एखादं तरी विचारायचंच, "काका, याला काहीच का नाही द्यायचं?"

"याला दिलं तर बाकीच्यांना दिलेलं कळणार कसं?" काका म्हणायचे.

"पण मग याचं काय?"

"याचं काही नाही. हा बाकीच्यांसाठी असतो. कोऱ्या वाफ्याची दया करायची नाही. ज्याला दया येते त्याने प्रयोगाच्या वाफ्यात पाय ठेवू नये, घरी जाऊन कुंड्या लावाव्यात."

मुलं हसायची. गेली एकतीस वर्षं हे वाक्य काका न चुकता म्हणत आले होते. प्राध्यापक आले आणि बदलून गेले, प्राचार्य चार झाले, पण पेरायचं, मोजायचं आणि तोलायचं काम एकट्या काकांकडे राहिलं. रोपाची उंची घेताना ते अर्धा सेंटिमीटरसुद्धा सोडत नसत. दुकानदाराने साखर तोलली की "तुझा काटा दहा ग्रॅम खोटा आहे" असं त्याच्या तोंडावर सांगत, आणि तो खरंच दहा ग्रॅम खोटा निघे. म्हणून ते ग्रॅमकाका. हे नाव मुलांनी ठेवलं असं सगळ्यांना वाटायचं, पण खरं तर ते पहिल्यांदा त्यांच्या बायकोने ठेवलं होतं. काकू चहा पुढे ठेवताना विचारायच्या, "साखर किती घालू? दीड चमचा, की एक पूर्णांक सहा?"

काकू या हिवाळ्यात गेल्या. पोटाचं ऑपरेशन झालं, दोन दिवस बऱ्या वाटल्या आणि तिसऱ्या दिवशी खालावल्या. पलंगाच्या दांडीला पुठ्ठ्याची पाटी अडकवली होती, 'तोंडाने काहीही द्यायचे नाही'. काकूंना तहान लागली होती. दुपारपासून त्या पाणी मागत होत्या.

"दोन घोट द्या हो."

"उद्या देतील. लिहिलंय ना तिथं."

"लिहिलंय ते मलाही दिसतंय. एक घोट. कोण बघतंय?"

काका नर्सला विचारून आले. नर्स म्हणाली, कापूस ओला करून ओठांवर फिरवा, त्याहून एक थेंब जास्त नाही. काकांनी कापूस फिरवला. ओला कापूसही त्यांनी आधी नीट पिळून घेतला. काकूंनी डोळे मिटले आणि थोडं हसून त्या म्हणाल्या, "तुमच्या कोऱ्या वाफ्यासारखी गत केलीत माझी."

पहाटे त्या गेल्या. पाणी दिलं असतं तरी काही फरक पडला नसता, असं डॉक्टर नंतर म्हणाले. डॉक्टर खोटं कशाला बोलतील? काकांनी तेव्हा मान हलवली होती. पण त्या दिवसापासून त्यांना स्वतःचा राग येऊ लागला, आणि तो कुणाला सांगण्यासारखा नव्हता. पाटीवर लिहिलं होतं ते पाळलं, एवढाच तर गुन्हा. मुलगी दूर दिलेली. ती दर रविवारी फोन करायची, "जेवलात का?" विचारायची, काका "जेवलो" म्हणायचे, मग दोघंही काय बोलावं याचा विचार करत थांबायची आणि मुलगी म्हणायची, "बरं, ठेवू?" शाळेच्या आवारातल्या दोन खोल्यांत काकांना आता स्वतःचा आवाजही ऐकू येईनासा झाला होता. शब्द म्हणून जे काही तोंडातून निघे ते वाफ्यांवर, आणि तेही बहुतेक आकडेच.

पंधरा दिवसांनी ते कामावर परतले तेव्हा गहू गुडघ्याला लागला होता. सतरा नंबर पायवाटेला लागूनच होता. बाकीचे कोरे आत, हा अगदी येता-जाता दिसणारा. खालची पानं टोकांपासून पिवळी पडत आली होती. पडायलाच हवी होती, एकतीस वर्षं पडतच आली होती. काका त्याच्यापाशी उभे राहिले. सोळा नंबरला टाकायची शेणाची पातळ स्लरी बादलीत होती. दुपारची वेळ, बायका झाडाखाली जेवायला बसलेल्या. काकांनी आणखी एक बादली भरून आणली आणि सतरा नंबरच्या मुळांशी सरळ ओतून टाकली.

ओतताना त्यांना फार बरं वाटलं. ही गोष्ट लपवण्यासारखी असली तरी खरी आहे. काकू गेल्यापासून पहिल्यांदा त्यांना बरं वाटलं होतं. आठ-दहा दिवसांनी त्यांनी पुन्हा एक बादली ओतली. मग पुन्हा. अशा चार बादल्या. बादली दहा लिटरची होती आणि त्यांनी ती दर वेळी आतल्या खुणेपर्यंतच भरली होती. चोरीसुद्धा ते मोजूनमापून करत होते.

वाफा हिरवा झाला तसे ते भानावर आले. पण मातीत गेलेलं परत कसं काढणार? एवढ्याने काही फार होत नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. ही समजूत मुलांपैकी कुणी घातली असती तर काकांनी त्याची बिनपाण्याने केली असती.

आणि आता आक्काच्या मुठीत पेंढी मावत नव्हती.

हा प्रयोग मॅडमचा होता. त्यांना शाळेत शिकवायला येऊन तीनच वर्षं झाली होती आणि तिन्ही वर्षं त्यांनी या चोवीस वाफ्यांवर काढली होती. उन्हात टोपी घालून त्या स्वतः ओळीत उतरत, आणि वाफ्यांची नावं घ्यावीत तसे नंबर घेत. हे तिसरं, शेवटचं पीक. पुढच्या महिन्यात आसपासचे शेतकरी शाळेत जमणार होते आणि त्यांच्यासमोर मॅडम उभं राहून सांगणार होत्या की कुठल्या खताचा किती उपयोग होतो. कोऱ्या वाफ्याचं उत्पन्न वर गेलं की बाकी सगळ्या खतांचा फरक तेवढा कमी दिसणार. माणसं म्हणणार, मग कशाला खत घालायचं? खत नाही घातलं तरी गहू येतोय की. तीन वर्षांची मेहनत मातीमोल, आणि वर शंभर शेतांत उलटा सल्ला. काकांना हे मॅडमपेक्षा आधी कळत होतं.

तोलायच्या दिवशी सकाळी घरून निघतानाच त्यांनी ठरवलं होतं. सतरा नंबरची पिशवी काट्यावर आली की म्हणायचं, दोन किलो एकशे नव्वद. चार आणि नऊ नंबर साधारण तेवढेच भरतील, त्यात हा खपून जाईल. एका खोट्याने दुसरं खोटं फिटेल आणि मॅडमचा प्रयोग वाचेल. पायवाटेने चालताना ते तोंडातल्या तोंडात म्हणत होते, दोन किलो एकशे नव्वद. दोन किलो एकशे नव्वद. कुणी पाहिलं असतं तर म्हातारा जप करतोय असं वाटलं असतं.

खोटं पकडलं जायची भीती नव्हतीच. गोदामात लांबट टेबल, त्यावर काटा. काट्याचे आकडे काकांच्या बाजूला. पलीकडे मॅडम वही घेऊन बसायच्या. काका पिशवी ठेवायचे, आकडा म्हणायचे, मॅडम लिहायच्या. गेल्या तीन वर्षांत त्यांनी एकदाही उठून काट्याकडे पाहिलं नव्हतं. एकदा प्राचार्यांनी "दुसऱ्या कुणाकडून तपासून घेता का?" असं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "काकांनी तोललंय, सर." पुढे कुणी काही विचारलं नव्हतं. ते वाक्य काकांनी दारातून ऐकलं होतं आणि घरी जाऊन काकूंना सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं.

"चार. कोरा," काका म्हणाले. "दोन किलो एकशे साठ."

"एकशे साठ," मॅडमनी लिहिलं.

"नऊ. कोरा. दोन किलो दोनशे दहा."

"दोनशे दहा. छान जुळतायत काका, गेल्या वर्षीसारखेच."

तेरा झाला, चौदा, पंधरा, सोळा. काकांनी सतराची पिशवी उचलली तेव्हाच हाताला कळलं. त्यांनी ती काट्यावर ठेवली. आकडे पळाले आणि स्थिर झाले. मॅडमचं पेन कागदावर टेकलेलं होतं.

"सतरा. कोरा," काका म्हणाले. आणि मग त्यांच्या तोंडून आलं, "तीन किलो सहाशे चाळीस."

सकाळपासून घोकलेला आकडा ओठांवर तयार होता. पण डोळ्यांनी जे पाहिलं तेच तोंडाने म्हणायची एकतीस वर्षांची सवय. दुसरं काही म्हणायला जीभ वळलीच नाही.

मॅडमनी लिहिलं आणि पेन थांबवलं. "किती?"

"तीन सहाशे चाळीस."

"पिशव्या बदलल्यात का? चिठ्ठी बघा."

"चिठ्ठी बरोबर आहे. सतराच."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. काट्यावर शंका घ्यायचं त्यांच्या मनातही आलं नाही. त्या उठल्या त्या थेट गोदामाच्या दाराकडे गेल्या आणि त्यांनी आक्काला हाक मारली. आक्का बाहेर पोती झटकत होती, पदराला हात पुसत ती आत आली.

"तिसऱ्या ओळीला खत तुमच्या बायकांनीच टाकलं होतं ना?"

"हो. आम्हीच."

"सतरा नंबरला टाकलंत तुम्ही. सोळाचं सतराला गेलं."

"नाही हो मॅडम! पाट्या बघून टाकतो आम्ही. मला वाचता येत नसलं तरी आकडे कळतात."

"मग हा गहू काय आभाळातून आला?" मॅडमचा आवाज चढला. त्या कधी कुणावर ओरडत नसत, त्यामुळे त्यांना ते नीट जमतही नव्हतं. "तीन वर्षं, आक्का! तीन वर्षं मी ह्यावर घालवली. सरांना सांगायला लागेल मला. पुढच्या हंगामाला त्यांनी दुसऱ्या बायका लावल्या तर मी काही करू शकणार नाही."

आक्काचा चेहरा उतरला. वीस वर्षांचं काम असं एका वाक्यात जाईल असं तिला वाटलं नव्हतं. तिने काकांकडे पाहिलं. "काका, तुम्ही होतात ना त्या दिवशी? सांगा की मॅडमना. आम्ही टाकलं का सतराला?"

काकांचा हात अजून पिशवीवरच होता.

"त्यांनी नाही टाकलं," ते म्हणाले. "मी टाकलं."

"म्हणजे? चुकून?"

"चुकून नाही. बघून टाकलं. दहा लिटरच्या चार बादल्या. शेणाची स्लरी. पहिली मी रजेवरून आलो त्या दिवशी, मग नऊ दिवसांनी, मग आठ, मग दहा. एकूण चाळीस लिटर."

काट्यावरचे आकडे सांगावेत तसं काका हे सांगत होते, जणू दुसऱ्याच कुणाच्या वाफ्याबद्दल.

"पण का?" त्या म्हणाल्या. "काका, तुम्ही? तुम्ही मला शिकवलंत की कोऱ्याला हात लावायचा नाही. मी इथं आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात."

काकांना सगळं सांगता आलं असतं. पाटी, कापूस, सगळं. पण सांगितलं असतं तर मॅडमना वाईट वाटलं असतं, त्यांनी माफ केलं असतं, आणि काकूंच्या तहानेवर आपण स्वतःची सुटका करून घेतली असं झालं असतं. तेवढं त्यांना नको होतं.

"पिवळा पडला होता," ते म्हणाले.

"पिवळाच पडायला हवा होता ना!"

"हो," काका म्हणाले. "पिवळाच पडायला हवा होता."

आक्का हळूच बाहेर निघून गेली. जाताना तिने काकांच्या दंडाला हात लावला. मॅडम पुन्हा खुर्चीवर बसल्या. मग त्यांनी सतरा नंबरसमोरच्या आकड्यावर सरळ एक रेघ मारली.

"एक वाफा वगळून गणित बसवता येतं," त्या म्हणाल्या. आवाज आता खाली आला होता, पण त्यात एरवीचा ओलावा नव्हता. "कारण लिहावं लागतं फक्त. काय लिहू?"

"झालं ते लिहा. कोऱ्या वाफ्याला खत दिलं. कुणी दिलं तेही लिहा."

त्यांनी लिहिलं. काका उभेच होते. त्यांना वाटलं, आता संपलं. पण मॅडमनी मान वर केली आणि खूप अवघडून, जवळजवळ माफी मागितल्यासारखं विचारलं, "काका, आणखी कुठं... म्हणजे या वर्षी, किंवा आधी कधी... आणखी कुठल्या वाफ्यात?"

काकांना वाटलं होतं की नोकरी जाईल, बोलणी बसतील, प्राचार्य बोलावतील. या सगळ्याची त्यांनी तयारी केली होती. या प्रश्नाची केली नव्हती. एकतीस वर्षांतला प्रत्येक वाफा, प्रत्येक उंची, प्रत्येक पिशवी त्या एका प्रश्नात आली होती, आणि प्रश्न अगदी रास्त होता. ते स्वतः मॅडमच्या जागी असते तर त्यांनीही तोच विचारला असता.

"नाही," ते म्हणाले. "हा एकच."

"बरं," मॅडम म्हणाल्या. त्यांनी विश्वास ठेवला की नाही हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. कदाचित त्यांनाही कळत नसावं. त्यांनी वहीचं पान सरळ केलं आणि पेन उचललं. "अठरापासून घेऊ या. सातच राहिल्यात."

काकांनी सतराची पिशवी खाली उतरवून भिंतीशी ठेवली. अठराची उचलली, पण काट्यावर ठेवली नाही. ती टेबलाच्या कडेला टेकवून त्यांनी दोन्ही हातांनी काटा उचलला, सावकाश फिरवला आणि आकडे मॅडमच्या बाजूला येतील असा ठेवला. चारी पाय टेबलावर सारखे टेकलेत ना, हे त्यांनी बोटाने दाबून बघितलं.

"काका, असं नको हो," मॅडम पुटपुटल्या. "तसं नव्हतं म्हणायचं मला."

"शून्य दिसतंय का बघा," काका म्हणाले.

मॅडमनी काट्याकडे पाहिलं. हात पुढे करून त्यांना तो पुन्हा फिरवता आला असता. हात टेबलावर थोडा पुढे आलाही, आणि तिथेच थांबला.

"दिसतंय," त्या म्हणाल्या.

काकांनी पिशवी ठेवली. "अठरा," ते म्हणाले आणि गप्प उभे राहिले. आकडा मॅडमनी वाचला.